सुपरमॅन होल्ड करताना कमरेत कळ येते : किती वेळ धरायचा आणि कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय 41, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून काम, जाऊन-येऊन रोज चाळीसेक किलोमीटर दुचाकी. गेल्या वर्षात दोनदा कमरेत उसण भरली, दोन्ही वेळा आठवड्याभरात उतरली. डॉक्टरांनी तपासलं, काळजीचं काही नाही म्हणाले आणि ‘पाठ मजबूत करा’ एवढंच सांगितलं. तुम्ही मोबाईलवर व्हिडिओ बघून सुपरमॅन होल्ड सुरू केला : पालथं पडायचं, दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकदम वर उचलायचे आणि धरून ठेवायचं. महिन्याभरात 20 सेकंदांवरून 60 सेकंदांवर गेलात. आता मात्र खाली उतरताना कमरेच्या मधोमध टोचल्यासारखी कळ येते, मानही अवघडते. चालू ठेवू की बंद करू, आणि किती वेळ धरला म्हणजे पाठ मजबूत झाली असं म्हणायचं?

आधी सरळ उत्तर देते. पाठीचा व्यायाम बंद करू नका. सुपरमॅन मात्र तीन-चार आठवडे बाजूला ठेवा आणि तेवढ्या काळात मी खाली सांगते ते धरा. पुन्हा सुपरमॅनकडे याल तेव्हा 60 सेकंदांचा नाद सोडा, दहा-दहा सेकंदांचं धरणं पुरेसं आहे. आणि शरीर उंच उचलायचं नाही, लांब करायचं. माझ्या मते तुमच्या कळेचं कारण या शेवटच्या वाक्यात आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकमध्ये 22 वर्षं काम करते. प्रॅक्टिसच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत कमरेच्या जवळजवळ प्रत्येक पेशंटला मी हाच व्यायाम द्यायचे. पाठीचे स्नायू कमजोर आहेत ना, मग पाठ उचला, इतका साधा हिशेब होता. दिंडोरीकडच्या एक बाई यायच्या. द्राक्षबागेत विरळणीच्या कामाला जात. मंडपाखाली उभं राहून, मान वर करून, हात डोक्याच्या वर नेऊन घडातले मणी कमी करायचे, दिवसभर. मी त्यांना सुपरमॅन दिला, त्यांनी तो निष्ठेने केला आणि पंधरा दिवसांनी त्या दुखणं वाढवून परत आल्या. त्या दिवशी मी त्यांना विचारलं, ‘ताई, बागेत कशा उभ्या राहता ते दाखवा बरं.’ त्यांनी तिथल्या तिथे हात वर केले, पोट पुढे आलं, कमरेला खोल बाक पडला. मग पालथं पडून व्यायाम करायला सांगितला, तर कमरेला तोच बाक, त्याच जागी. आठ तास जी जागा दाबली जात होती तीच मी घरी आल्यावर आणखी दाबायला लावत होते. ती चूक माझी होती. तेव्हापासून कोणाची पाठ दिवसभर काय करते हे पाहिल्याशिवाय मी एकही होल्ड देत नाही. इगतपुरीकडे भाताच्या आवणीत दिवसभर वाकलेली पाठ वेगळी, विरळणीतली पाठ वेगळी आणि तुमची खुर्चीतली पाठ आणखी वेगळी.

आता सुपरमॅनमध्ये नेमकं काय होतं ते बघा. पाठीचे स्नायू मणक्यांच्या अगदी लगत असतात. मणक्याच्या मध्यापासून जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर मागून ते ओढतात. आणि तुम्ही त्यांना उचलायला काय सांगता? एका बाजूला छाती, डोकं आणि पुढे ताणलेले हात, दुसऱ्या बाजूला दोन्ही अख्खे पाय. पहारीच्या आखूड टोकाला दाबून लांब टोकावरचा दगड हलवायचा असेल तर दगडाच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो, तसंच हे. स्नायू तो जोर लावतात, पण लावताना मणके एकमेकांवर दाबले जातात. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल यांनी अशा व्यायामांत कण्यावर येणारा दाब वर्षानुवर्षं मोजला. पालथं पडून दोन्ही टोकं एकदम उचलली की कमरेच्या मणक्यांवरचा दाब 4000 न्यूटनच्या वर जातो, म्हणजे साधारण 400 किलो वजन ठेवल्याइतका. हातांवर-गुडघ्यांवर येऊन एकच पाय मागे ताणला तर तो 2500 न्यूटनच्या आत राहतो, सोबत विरुद्ध हात उचलला तर 3000 च्या आसपास जातो.

हे आकडे घाबरवायला सांगत नाही. निरोगी कणा यापेक्षा जास्त दाब सहज पेलतो, शेतातलं पोतं उचलताना पेलतोच. पण वर्षात दोनदा उसण भरलेल्या पाठीला पहिल्या दिवशी सगळ्यात महागडा व्यायाम का द्यायचा? कमी दाबात स्नायूंना पुरेसं काम मिळत असेल तर सुरुवात तिथून करावी. शिवाय सुपरमॅनमध्ये हा दाब कणा मागे पूर्ण वाकलेला असताना येतो. मणक्यांच्या मागच्या बाजूचे छोटे सांधे तेव्हा एकमेकांवर आपटून बंद झालेले असतात. तुमची मधोमध टोचणारी कळ बहुधा तिथली आहे. स्नायू थकले की भार हळूहळू या सांध्यांवर सरकतो. पहिले पंधरा-वीस सेकंद तुमचे स्नायू धरत असतील, उरलेली चाळीस तुम्ही सांध्यांवर टेकून लटकत असाल. म्हणून घड्याळात प्रगती दिसते आणि पाठ मात्र तक्रार करते.

तरीही पाठीला हा धरून ठेवायचा गुण हवाच, कारण तिचं रोजचं कामच ते आहे. दंडाचा स्नायू वजन उचलतो आणि मोकळा होतो. पाठीच्या स्नायूंना मात्र तुम्ही दुचाकीवर बसल्यापासून उतरेपर्यंत थोडा-थोडा जोर सतत धरून ठेवावा लागतो. त्यामुळे जास्तीत जास्त ताकदीपेक्षा टिकाऊपणा महत्त्वाचा. डेन्मार्कच्या फिन बीरिंग-सोरेनसन यांनी 1984 साली हे फार सुंदर रीतीने दाखवलं. त्यांनी 900 हून जास्त स्त्री-पुरुषांना टेबलावर पालथं झोपवलं, खुब्यांपासून पुढचं शरीर टेबलाच्या कडेबाहेर, पाय पट्ट्यांनी बांधलेले, आणि धड जमिनीला समांतर किती वेळ धरता येतं ते मोजलं, जास्तीत जास्त 240 सेकंद. मग वर्षभराने विचारलं, कोणाची कंबर दुखली? ज्या पुरुषांच्या पाठीचा टिकाऊपणा चांगला होता त्यांना पहिल्यांदा कंबरदुखी होण्याचं प्रमाण कमी दिसलं. ही चाचणी आजही जगभर वापरतात. पण ती चाचणी आहे, रोजचा व्यायाम नाही. 240 सेकंद हा तिथला मोजण्याचा शेवट होता, तुमचं ध्येय नव्हे. घरी पलंगाच्या कडेवरून लटकून ती करून पाहू नका.

आणखी एक गोष्ट तुमच्याबाबतीत खास लागू आहे. मणक्यांना लगटून, एका मणक्यापासून वरच्या मणक्यांपर्यंत जाणारा एक खोलवरचा स्नायू असतो, मल्टिफिडस. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 1990 च्या दशकात सोनोग्राफीने दाखवलं की कंबर पहिल्यांदा धरते तेव्हा दुखऱ्या बाजूला हा स्नायू बारीक होतो, आणि दुखणं थांबल्यावर तो आपोआप पूर्ववत होत नाही. त्याला वेगळं काम द्यावं लागतं. तुमची उसण दोन्ही वेळा आठवड्यात उतरली, तुम्ही कामाला लागलात, पण हा स्नायू बहुधा मागेच राहिला. मोठा जोर लावला की बाहेरचे मोठे स्नायू धावून येतात आणि हा आणखी मागे पडतो. हलकं, नेमकं आणि न हलता धरणं त्याला मानवतं.

तर आता करायचं काय. सतरंजी किंवा चटई घाला, गादीवर नको, गादी कमरेखाली दबते. हातांवर आणि गुडघ्यांवर या : तळवे खांद्यांच्या खाली, गुडघे खुब्यांच्या खाली. आता घरातलं लाटणं घ्या आणि घरातल्या कोणाला तरी ते कमरेवर आडवं ठेवायला सांगा, पँटच्या पट्ट्याच्या किंचित वर. लाटणं गोल असतं, कंबर जराशी कलली तरी ते घरंगळतं. त्यामुळे आरसा लागत नाही आणि मी शेजारी बसावं लागत नाही. लाटणं स्थिर ठेवून उजवा पाय जमिनीवरून सरकवत मागे न्या, फक्त बोटं टेकलेली. लाटणं पडलं? मग पाय अजून उचलायचाच नाही, आठवडाभर एवढंच करा. माझ्याकडे येणारे जिमवाले तगडे तरुण पहिल्या दिवशी इथेच अडकतात, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

लाटणं टिकलं की पाय उचला, पण पाठीच्या रेषेच्या वर नाही. टाच मागच्या भिंतीकडे ढकलायची, छताकडे नाही. खोलीच्या भिंतीवर कोणीतरी आहे आणि त्याला टाचेने हलकेच दाबायचंय, अशी कल्पना करा. तसं केलं की नितंबाचा स्नायू घट्ट होतो. हात लावून बघा. तो मऊच असेल तर पाय कंबर उचलतेय, आणि कमरेवर अन्याय होतोय. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचा हा स्नायू फार आळसावलेला असतो. माझा अनुभव असा की तो कामाला लागला की निम्म्या लोकांची कमरेतली टोचणी तिथेच कमी होते. पाय जमला की विरुद्ध हात समोर, अंगठा वरच्या बाजूला, कानाच्या रेषेत. यालाच जिममध्ये बर्ड डॉग म्हणतात.

धरायचं किती? दहा सेकंद. त्यापेक्षा जास्त वेळ सलग आवळून धरला की स्नायूतला रक्तपुरवठा आणि ऑक्सिजन कमी पडायला लागतो, मग थरथर, मग पेटका. दहा सेकंद धरून, हात-पाय एकदा खाली आणून पुन्हा धरलं की त्या एका क्षणात ताजं रक्त आत शिरतं. अशाने एकूण धरण्याचा वेळ वाढतो आणि पद्धत बिघडत नाही. उजवीकडे 6 वेळा, डावीकडे 6 वेळा, अर्धा मिनिट विश्रांती. मग 4-4, पुन्हा विश्रांती, मग 2-2. उतरती मांडणी मुद्दाम आहे, थकव्याबरोबर काम कमी होत जातं. पुढच्या आठवड्यात वाढवायचं असेल तर फेऱ्यांमधले आकडे एक-एकाने वाढवा, सेकंद वाढवू नका.

सेकंद मोजायला मोबाईल ठेवू नका, मान वळते. बेचा पाढा म्हणा, मोठ्याने. बे एके बे पासून बे दाहे वीसपर्यंत सावकाश म्हटलं की दहा-बारा सेकंद होतात. मोठ्याने म्हणण्याचं खरं कारण वेगळं आहे : बोलताना श्वास कोंडता येत नाही. न हलता जोर लावताना माणूस नकळत श्वास रोखतो आणि रक्तदाब झरकन वर चढतो. ज्यांना बीपी आहे त्यांच्यासाठी हे धोक्याचं आहे, आणि 41 व्या वर्षी तुम्ही तुमचं बीपी अलीकडे मोजलं नसेल तर आधी मोजून घ्या.

तीन आठवडे हे रोज, संध्याकाळी. सकाळी उठल्याउठल्या नको. रात्रभर झोपेत मणक्यांमधल्या चकत्यांत पाणी भरतं, सकाळी त्या फुगलेल्या आणि पाठ ताठर असते. तासभर वावरल्यावर चालेल. दुचाकीवरून घरी आल्या आल्याही नको, आधी दहा मिनिटं मोकळं चाला.

चौथ्या आठवड्यात पालथ्या प्रकाराकडे या, पण अर्ध्याने. आपल्याकडे हा व्यायाम परका नाही. शलभासन म्हणजे टोळासारखं आसन, हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत आहे, आणि सुपरमॅनशी मिळतंजुळतं आसन आपल्या योगवर्गांत विपरीत नौकासन म्हणून शिकवतात. 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद यांनी आसनांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला, तेव्हापासून आपल्याकडे ही आसनं बेताने, पायरीपायरीने शिकवायची पद्धत रुजली आहे. अर्धशलभासन, म्हणजे एका वेळी एकच पाय उचलणं, ही अशीच पायरी. काही वर्गांत शलभासनात श्वास रोखायला सांगतात. तुम्ही रोखू नका, पाढा चालू ठेवा.

ओटीपोटाखाली एक पातळ उशी घ्या. बेंबीच्या खालच्या भागाला आधार हवा, वरच्या पोटाला नव्हे. उशीने कमरेचा बाक आधीच थोडा सपाट होतो आणि मागचे सांधे मोकळे राहतात. कपाळ दुमडलेल्या टॉवेलवर. आता नितंब आवळा, मग एक पाय लांब करा. लांब होता होता तो जमिनीपासून चार बोटं उचलला जाईल, बस. मांडीखालून कागद सरकेल एवढी फट पुरते. आठवड्याने दुसरी बाजू : पाय खाली ठेवून फक्त छाती, हात अंगालगत, तळवे मांड्यांकडे, बरगड्यांचं खालचं टोक जमिनीवरच. त्यानंतरच दोन्ही टोकं एकदम. तेव्हाही डोक्याचा माथा समोरच्या भिंतीकडे आणि टाचा मागच्या भिंतीकडे, जणू दोघांनी तुम्हाला दोन्हीकडून धरून सतरंजीसारखं ताणलंय. हात समोर नेले की भार सगळ्यात जास्त, म्हणून ते अगदी शेवटी, आणि नाही नेले तरी काही बिघडत नाही. हा पालथा प्रकार आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, प्रत्येकी दहा सेकंद, चार-पाच वेळा. बर्ड डॉग सोडायचा नाही.

मानेचं आता लगेच कळेल. तुम्ही समोर बघत असणार. व्हिडिओतला माणूस कॅमेऱ्याकडे बघतो म्हणून बघणारेही तसंच करतात. नजर चटईवर, नाकाच्या वीतभर पुढे, हनुवटी किंचित आत. मानेची मागची बाजू लांब वाटली पाहिजे, चुरगळलेली नाही. एवढ्याने मान न सुटल्यास मला पुन्हा लिहा, कारण मग कारण दुसरं असेल.

कळ आणि थकवा यांतला फरक ओळखायला शिका. कण्याच्या दोन्ही बाजूंना, पट्ट्यासारखं पसरलेलं, कढत, उतरल्यावर मिनिटभरात विरणारं दुखणं म्हणजे स्नायू काम करतोय, ते चालू द्या. हाडावर बोट ठेवून ‘इथे’ असं दाखवता येणारं, टोचणारं दुखणं म्हणजे बाक जास्त झालाय, उंची कमी करा. दुखणं नितंबातून खाली पोटरीपर्यंत किंवा पायात उतरलं, मुंग्या आल्या, तर त्या दिवशी थांबा आणि दाखवून घ्या. आणि लघवीवरचा किंवा शौचावरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा येणं, पाऊल उचलताना लटकं पडणं, ही लक्षणं दिसली तर व्यायाम, मालिश, शेक सगळं सोडून त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटलमध्ये जा. कंबरदुखीबरोबर ताप, कारण नसताना उतरलेलं वजन किंवा रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तरी आधी डॉक्टर.

हे उत्तर वाचून घरातली इतर माणसंही करून बघतील, म्हणून एवढं सांगून ठेवते. आई-वडिलांना चालताना पाय भरून येत असतील आणि वाकून बसल्यावर बरं वाटत असेल, तर मणक्यातली जागा अरुंद झालेली असू शकते, त्यांना मागे वाकवणारा कोणताही होल्ड देऊ नका. हाडं ठिसूळ झालेल्यांनी आणि नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालेल्यांनी विचारल्याशिवाय करू नये. गरोदरपणात पालथं पडण्याचा प्रश्नच नाही. आणि घरात वेगवान गोलंदाजी करणारा मुलगा असेल, त्याला मागे वाकताना कमरेत एका बाजूला दुखत असेल, तर व्यायाम न देता आधी त्याची तपासणी करा. त्या वयात मणक्याच्या मागच्या भागात बारीक फ्रॅक्चर असू शकतं आणि होल्डने ते चिघळतं.

किती दिवसांत फरक? माझ्या पेशंटांत दोन-तीन आठवड्यांत लाटणं स्थिर राहतं, सहा-आठ आठवड्यांत दुचाकीवरून उतरताना कमरेवर हात जात नाही. मजबूत झाली कधी म्हणायची, या तुमच्या प्रश्नाला मी सेकंदांचा आकडा देणार नाही, खूण देईन : दोन्ही बाजूंना 6-4-2 करताना लाटणं एकदाही पडलं नाही, शेवटच्या धरण्यालाही पाढा पहिल्यासारख्याच आवाजात आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर आखडली नाही.

मध्येच कधी पुन्हा उसण भरली तर हात-पाय गाळून झोपून राहू नका. पहिले एक-दोन दिवस होल्ड बंद, पण घरातल्या घरात दर तासाला पाच मिनिटं चाला. उताणं पडून पोटऱ्या खुर्चीवर टाकल्या की बहुतेकांना आराम पडतो. सरळ उभं राहता यायला लागलं की पुन्हा चटईवर या, हातांवर-गुडघ्यांवर, लाटणं ठेवा आणि पाय न उचलता नुसता मागे सरकवा.